खिलारच्या शिंगाचा नकाशा

आषाढात बेंदूर आला की सातारा-सांगली भागातील शेतकरी बैलांची खांदेमळणी करतो, शिंगे साळतो, ती रंगवतो आणि त्यांवर बेगड चढवतो. खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंडाचे मोल करताना गिऱ्हाइकाची नजर प्रथम शिंगांवरच जाते. परंतु ज्या शिंगांवर एवढी माया आणि एवढा पैसा, त्यांच्या आत काय चालले आहे हे मालकाला वेळेवर कळत नाही. शिंगाचा कर्करोग हा भारतीय गोवंशाचा, त्यातही विशेषेकरून बैलांचा, जुना वैरी. कपाळाच्या हाडातील पोकळी शिंगाच्या गाभ्यात शिरलेली असते आणि तिच्या अस्तरात हा रोग मूळ धरतो. बैल डोके झटकू लागतो, नाकपुडीतून रक्त येते, शिंग एका बाजूला कलते, तेव्हा तो उघड होतो. तोवर शिंग मुळापासून कापणे एवढाच उपाय बहुधा उरतो, आणि कित्येकदा तोही पुरा पडत नाही.

न कापता, न चिरता शरीराच्या आत पाहण्याची विद्या आज माणसाला अवगत आहे. एमआरआय या नावाने ती सर्वांच्या परिचयाची झाली आहे. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीर ठेवले आणि रेडिओलहरी सोडल्या, की पाणी व चरबी यांतील हायड्रोजनची अणुकेंद्रे उलट संदेश देतात. त्या संदेशांतून मऊ अवयवांचे चित्र उभे राहते. माणसाच्या रोगनिदानामुळे हे तंत्र प्रसिद्धीस आले असले, तरी त्याचा आरंभ प्राण्यांपासून झाला, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. 1971 साली रेमंड डमेडियन यांनी उंदरांच्या निरोगी व कर्करोगग्रस्त पेशीजालांतील संदेशांचा फरक दाखविला. 1973 साली पॉल लॉटरबर यांनी प्रतिमा घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांच्या आरंभीच्या सजीव नमुन्यांत एक इवलासा शिंपला होता आणि एक उंदीर होता. लॉटरबर व पीटर मॅन्सफील्ड यांना 2003 साली या कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यानंतर या संशोधनाला अनेक फाटे फुटले. संग्रहालयांतील दुर्मिळ मासे आणि समुद्री जीव न कापता त्यांची अंतर्रचना नोंदविली जाऊ लागली. घोड्याला भूल न देता, उभ्या स्थितीतच त्याच्या पायाची प्रतिमा घेणारी यंत्रे निघाली. 2012 साली अमेरिकेत शिकविलेली कुत्री जागेपणी यंत्रात स्थिर राहिली व त्यांच्या मेंदूचे कार्य पाहता आले. 2020 साली इस्राएलच्या संशोधकांनी 123 सस्तन जातींच्या मेंदूंतील जोडण्यांची तुलना प्रसिद्ध केली. दिशा स्पष्ट आहे: एकेका प्राण्याच्या चिरफाडीकडून अनेकांच्या तुलनात्मक नकाशांकडे ही विद्या चालली आहे. मात्र पशुवैद्यकातील अशा अभ्यासांचा मोठा भाग कुत्रा, मांजर आणि घोडा यांच्या वाट्यास आला आहे. त्यामागचे कारण शास्त्रीय नसून आर्थिक आहे. ज्या प्राण्याचा मालक तपासणीचे पैसे देऊ शकतो, त्याचे शरीर शास्त्राला अधिक कळते.

येथे कोणीही व्यवहारी वाचक विचारील की, माणदेशातल्या बैलाला एमआरआय कसला करता? आक्षेप रास्त आहे. यंत्राची किंमत कोटींत जाते. त्यातील चुंबक अतिशीत ठेवावे लागते आणि तंत्रज्ञ सहज मिळत नाहीत. मोठा बैल माणसासाठी केलेल्या बोगद्यात मावत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराला पूर्ण भूल देणेही जोखमीचे असते, कारण पोट फुगण्याचा आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

तथापि हा आक्षेप उपचाराला लागू पडतो, संशोधनाला नव्हे. एका बैलाची तपासणी हा त्याच्या मालकाचा खर्च होय. पण खिलार जातीच्या शिंगाची, खुराची आणि खांद्याची अचूक प्रतिमासंहिता ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू ठरते. एकाने वापरल्याने ती दुसऱ्याला कमी पडत नाही, आणि म्हणूनच ती तयार करण्यात कोणा खासगी गुंतवणूकदाराला नफा दिसत नाही. नैसर्गिक मरण आलेल्या जनावरांचे अवयव मालकाच्या संमतीने घेऊन ती करता येईल. हाडाचा तपशील सीटी स्कॅनने आणि अस्तराचा एमआरआयने टिपता येईल. निरोगी पोकळीतली हवा प्रतिमेत काळी दिसते. गाठ वा द्रव वेगळा उमटतो. रोग कोठून कोठे सरकतो हे एकदा निश्चित झाले, तर गावच्या दवाखान्यातील डॉक्टरला कोणती खूण आधी पाहावी आणि शिंग नेमके कोठून कापावे हे सांगता येईल. शिंगे साळणे, रंगविणे यांमुळे होणाऱ्या सततच्या क्षोभाचा रोगाशी संबंध असावा, असा तर्क पशुवैद्यक फार पूर्वीपासून करीत आले आहेत. त्याची कसोटी लावण्यासही असा आधार उपयोगी पडेल.

यासाठी लागणारी माणसे याच भागात आहेत. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नावाचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सांगली जिल्ह्यातील मिरजेला डॉ. वानलेस यांच्यापासूनची, शतकाहून जुनी वैद्यकाची परंपरा आहे आणि 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. एकीकडे जनावर जाणणारे, दुसरीकडे प्रतिमा वाचणारे. या दोघांना एका प्रकल्पात बांधावे. मानवी रुग्णालयांतून बदलली जाणारी, पण चालू स्थितीतील यंत्रे पशुसंशोधनाकडे वळवावीत आणि तयार होणाऱ्या प्रतिमा सर्वांना विनामूल्य खुल्या ठेवाव्यात. नव्या इमारतीपेक्षा अशा सहकार्याचा खर्च पुष्कळ कमी येईल.

प्रयोगशाळेतले ज्ञान वाड्यावस्तीवर पोहोचत नाही, असे म्हणणाऱ्यांनी फलटणकडे पाहावे. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतील बहुप्रसवतेचे जनुक दख्खनी मेंढीत आणले आणि ‘नारी सुवर्णा’ घडविली. मेंढपाळाने ते जनुक कधी पाहिले नाही. त्याने जुळी कोकरे पाहिली. एमआरआयचे यंत्रही प्रत्येक गोठ्यापर्यंत जाण्याची गरज नाही. त्यातून निघालेले ज्ञान तेवढे गेले पाहिजे. ज्याच्या खांद्यावर या भागाची शेती पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, त्या बैलाचे शिंग वर्षातून एकदा रंगविणे ही कृतज्ञता खरी. पण ते आतून समजून घेणे हे त्या कृतज्ञतेचे राहून गेलेले अर्धे अंग आहे.