खडूचे डोंगर

वीस वर्षे झाली, माझे अन्न खडूशी बांधलेले आहे. बोटांना खडू, कोटाच्या बाहीला खडू, आणि घरी बोलणी ऐकायची तीही खडूवरूनच! म्हणून ब्रायटनला शिकणारा माझा भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, उद्या तुम्हांला खडूच्या डोंगरावर नेतो," तेव्हा मी हातच जोडले. म्हटले, "बाबा रे, सुट्टीत तरी खडू नको!"

पण गेलो. दक्षिण इंग्लंडातल्या या टेकड्यांना 'साउथ डाउन्स' म्हणतात. 'डाउन' म्हणजे खाली, तेव्हा गुडघ्यांना फारशी तोशीस पडणार नाही, असा माझा हिशेब. तो साफ चुकला. हा 'डाउन' जुन्या इंग्रजीतल्या टेकडी या अर्थाच्या शब्दातून आलेला आहे. भाषा शिकवणाऱ्याने शब्दाच्या तोंडावळ्यावर जाऊ नये, हा धडा मी डिचलिंग बीकनच्या चढावर धापा टाकीत घेतला. टेकडीची उंची म्हणाल तर अवघी २४८ मीटर!

वर मात्र सारा शीण गेला. उत्तरेला शेतांचे चौकोन, दक्षिणेला समुद्राची रेघ, डोक्यावर न दिसणारा चंडोल. माती इतकी पातळ, की जिथे पावलांनी गवत झिजते तिथे लगेच पांढरी वाट उघडी पडते. हा खडू म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेली सूक्ष्म जीवांची कवचे. (आपल्या फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा असतो, खरा खडू मी त्या दिवशी पायांखाली पाहिला.) पाऊस त्यात मुरून जातो, म्हणून माथ्यावर ओढा नाही, मेंढ्यांसाठी लोकांनी चिकणमातीचा थर देऊन तळी केली. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत अशी १६० किलोमीटरांची पायवाट गेली आहे. ती खुशाल कुणाच्या शेतातून जाते, आणि शेतमालक चालणाऱ्याला अडवू शकत नाही; तसा कायदाच आहे. आपण एवढेच करायचे, फाटक मागे लावून घ्यायचे.

धारेवरून दक्षिणेकडे वळलो, आणि उतारावर एकदम पांढराशुभ्र घुमट दिसला. आठ खांब, संगमरवरी बांधणी. "ही छत्री," भाचा म्हणाला. नावही आपलेच!

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदी सैनिकांना ब्रायटनला आणीत. तिथला जुना राजवाडा, रॉयल पॅव्हिलियन, त्यांचे इस्पितळ झाला होता. जे वाचले नाहीत त्यांतल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांना या माळावर अग्नी दिला. रक्षा समुद्रात सोडली. १ फेब्रुवारी १९२१ रोजी त्या जागी या छत्रीचे अनावरण झाले. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुशिल्पज्ञाचा. गाडी तिथवर जात नाही. ज्याला जायचे त्याने शेवटची वाट पायीच तुडवावी.

छत्रीवर त्या ५३ जणांची नावे नाहीत. ती शेजारच्या दगडी स्मारकावर कोरली गेली २०१० साली. म्हणजे पंचाण्णव वर्षे या माळावर ते नुसता आकडा होते.

मी नावे वाचू लागलो. हळूच, पण मोठ्याने. प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबत होतो. चार-पाच नावे झाल्यावर ध्यानात आले, की हे थांबणे हजेरीचे आहे. वर्गातल्या सवयीने मी 'हजर सर' ऐकण्यासाठी थांबत होतो. पुढचे नाव वाचताना आवाज फुटेना. भाच्याने काही विचारले नाही. उरलेली नावे त्याने वाचली.

उतरताना दोघांच्याही बुटांना खडू लागला होता. तो मी पुसला नाही.

वर्गात मी वर्षानुवर्षे आकड्यांनी हजेरी घेत आलो. एक, दोन, तीन, वेळ वाचतो. परतल्यापासून नावे घेतो. पाच मिनिटे जास्त जातात. मुले कुरकुरतात, आणि व्याकरणाचा भाग मागे पडतो आहे, हेही खरे. पडू दे.