मेडल द्या हो, पण टॉर्पेडो कोणी तपासला?

पीटी बोटींचा विषय निघाला की लोक एकच गोष्ट सांगतात. जॉन केनेडी, पीटी-१०९ आणि जखमी खलाशाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा दातांत धरून पोहणारा तरुण कप्तान! गोष्ट खरीच आहे. पण अर्धी आहे.

उरलेली अर्धी ऐका. १ ऑगस्ट १९४३ च्या रात्री सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकांना अडवायला १५ पीटी बोटी निघाल्या. रडार होतं फक्त चार बोटींवर. टॉर्पेडो संपले की परतायचं, असा हुकूम. त्यामुळे रडारवाल्या बोटी आधी घरी गेल्या आणि बाकीचे अंधारात चाचपडत बसले. रात्रभरात तीसेक टॉर्पेडो सुटले, पण लागला एकही नाही. उलट 'अमागिरी' नावाच्या विनाशिकेने पीटी-१०९ चे दोन तुकडे केले. १३ पैकी दोघे गेले.

या लाकडी बोटींच्या पोटात तीन हजार गॅलन पेट्रोल. वर टॉर्पेडो मार्क ८, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या जमान्यातला माल. नळीतून सुटताना दारूचा भडका उडाला की शत्रूला आपला पत्ता आयताच कळायचा.

पाणबुड्यांना नवा मार्क १४ मिळाला होता, पण त्याची तऱ्हा आणखी वाईट. महाग पडतं म्हणून युद्धाआधी त्याची खऱ्या स्फोटकांनिशी धड चाचणीच केली नव्हती. नेम चुकला की खातं कप्तानांना दोष द्यायचं. शेवटी जून १९४२ मध्ये लॉकवूड यांनी ऑस्ट्रेलियात मासे धरायचं जाळं पाण्यात लावून त्यातून टॉर्पेडो सोडले. जाळ्याला पडलेल्या भोकांवरून कळलं, की ते ठरल्यापेक्षा दहाएक फूट खोल जातायत. एवढी साधी टेस्ट!

मग खलाशांचं शौर्य खोटं का? अजिबात नाही. असली बोट, असले टॉर्पेडो घेऊन रोज रात्री बाहेर पडायला छाती लागते. म्हणूनच राग येतो. वरच्यांची कंजुषी आणि आळस, दोन्हींची किंमत या पोरांनी चुकवली, आणि आपण नुसत्या टाळ्या वाजवतो.

आमच्या धंद्यातही तेच चालतं. रात्री तीनला सर्व्हर उठवणाऱ्याचं मेलवर कौतुक होतं, पण टेस्टिंगचे आठ दिवस कोणी कापले ते त्या मेलमध्ये कधीच नसतं. इथे निदान जीव तरी जात नाही. तिथे जात होते.

असो. पुढच्या वेळी कोणी शौर्यकथा सांगायला लागलं, तर ऐका, मान द्या. आणि मग विचारा, की त्याच्यावर ही वेळ आणली कोणी?