शब्दगणनेची पूर्वतयारी : तंत्रज्ञाचे काम की संपादकाचे?

साहित्यकृतीतील शब्दांची मोजदाद संगणकाकडून करून घेण्याची साधने आता पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या हाताशी आली आहेत. मात्र असे साधन संगणकावर बसवून त्याची मांडणी लावण्याचे काम ‘तांत्रिक’ समजून प्रयोगशाळेतील साहाय्यकाकडे सोपवावे आणि अभ्यासकाने तक्ते हाती आल्यावर विवेचनाला आरंभ करावा, अशी एक श्रमविभागणी मराठीच्या विभागांत गृहीत धरली जाते. ही विभागणी सोयीची असली तरी मूलतः चुकीची आहे. मांडणी लावताना घेतला जाणारा जवळजवळ प्रत्येक निर्णय हा पाठसंपादकाचा निर्णय असतो. तो अन्य कोणी घेतला म्हणजे प्रबंधाचा पायाच अभ्यासकाच्या नकळत घातला जातो.

‘व्हॉयंट’ या साधनाचे उदाहरण घेता येईल. स्टेफान सिंक्लेअर आणि जेफ्री रॉकवेल या कॅनडातील दोन अभ्यासकांनी ते घडवले. ते ब्राउझरमधून चालते, विनामूल्य मिळते आणि आंतरजालाच्या आधाराशिवाय विभागातल्या एखाद्या संगणकावरही बसवता येते. जावा ही प्रणाली असावी, संकुचित फाईल उतरवून उलगडावी, आतील सर्व्हर सुरू करावा, एवढेच काम. नंतर ब्राउझरमध्ये जो १२७.०.०.१ हा पत्ता आणि ८८८८ हा पोर्टक्रमांक दिसतो, तो बाहेरच्या जगाचा नसून त्याच यंत्राचा असतो. स्वामित्वहक्काखालील कादंबरीचा मजकूर परक्या सर्व्हरवर न धाडता आपल्याच कपाटात ठेवून तपासता येतो, हा यातला मोठा लाभ. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क टिकतो, त्यामुळे स्वातंत्र्योत्तर मराठी साहित्याच्या अभ्यासकाला हा लाभ किरकोळ वाटू नये. सोबतच्या लहानशा मांडणी-फाईलमध्ये स्मृतीची मर्यादा वाढवता येते आणि साठवणुकीची जागा नेमून देता येते. ती नेमली नाही तर सारी सामग्री संगणकाच्या तात्पुरत्या कप्प्यात जाते व केव्हातरी पुसली जाण्याचा धोका राहतो. येथपर्यंतचे काम साहाय्यकाने केले तरी बिघडत नाही.

बिघडते ते यापुढे. यंत्राला ‘शब्द’ म्हणजे काय हे सांगावे लागते, आणि हे सांगणे देवनागरीत निरुपद्रवी नाही. ‘पायथन’ या भाषेतील ‘सायकिट-लर्न’ हा आज्ञासंग्रह जगभर वापरला जातो. त्याची मूळ मांडणी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना अक्षर मानीत नाही. ती त्या ठिकाणी शब्द तोडते, आणि एकाक्षरी तुकडे फेकून देते. परिणामी ‘विठ्ठल’चे केवळ ‘ठल’ उरते, ‘ज्ञानदेव’चे ‘नद’ होते आणि ‘पांडुरंग’ समूळ नाहीसा होतो. ‘घर’ मात्र सुखरूप राहते. एवढी ढोबळ चूक निदान डोळ्यांना दिसते. (ती दिसण्यासाठी तक्त्यातील आकड्यांवरून नजर काढून शब्दांकडे पाहावे लागते, हे खरे.) न दिसणाऱ्या चुका अधिक घातक आहेत. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र दोन भिन्न संकेतक्रमांनी टंकता येतो, कागदावर फरक नाही, यंत्राला ते दोन शब्द. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्यापूर्वीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र देऊन ते साधलेले आहे. दोन टंकलेखकांनी वाटून टंकलेल्या कादंबरीत एकच शब्द दोन नोंदींत विभागला जाणे यामुळे सहज शक्य आहे.

लेखनाच्या नियमांचा प्रश्न तर याहून गुंतागुंतीचा आहे. १९६२ च्या नियमांनी व्युत्पत्तिसिद्ध परंतु अनुच्चारित अनुस्वार रद्द केले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे आहे, नंतरच्या पुस्तकांत ‘नाही’, ‘काही’, ‘घरात’. हरिभाऊ आपटे यांची कादंबरी जुन्या छपाईवरून आणि नेमाडे यांची आजच्या आवृत्तीवरून घेऊन जो नकारार्थी शब्दांची तुलना करील, त्याच्या तक्त्यात दोन लेखकांतील भेदाऐवजी दोन लेखनपद्धतींतील भेद उतरेल. यावर ‘सर्व अनुस्वार पुसून टाका’ अशी एका ओळीची आज्ञा देण्याचा मोह होतो. परंतु ‘घरांत’ हे आजच्या लेखनात अनेकवचन आहे. जुन्या मजकुरातील अनुस्वार पुसला तर एकवचन नीट होते आणि अनेकवचन मारले जाते. आणि ‘अंत’, ‘संत’ यांचे काय होईल ते सांगावयास नको. कोठे पुसावा, कोठे ठेवावा, हे व्याकरण जाणणाराच ठरवू शकतो.

मराठीची प्रत्ययव्यवस्था ही पुढची अडचण. इंग्रजीत जे शब्दयोगी अव्यय सुटे उभे असते ते मराठीत शब्दाच्या अंगात शिरते. ‘घर’, ‘घरात’, ‘घराला’, ‘घराच्या’, ‘घरावर’, ‘घरापासून’ ही यंत्राच्या लेखी सहा भिन्न पदे. ‘घर’पुढे तारांकन देऊन ती एकत्र शोधता येतात, पण मग ‘घराणे’, ‘घरटे’ आणि ‘घरंदाज’ही जाळ्यात येतात. ‘पाणी’च्या बाबतीत तेवढेही पुरत नाही, कारण सामान्यरूप ‘पाण्या’ होते. त्यासाठी ‘पाण’ इतके आखडते घ्यावे तर ‘पाणंद’ आणि ‘पाणउतारा’ हजर! मोरो केशव दामले यांनी १९११ साली जे सामान्यरूपविवेचन केले, त्याचा उपयोग परीक्षेपुरता आहे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी ही मोजणी एकदा करून पाहावी.

आता वर्ज्य शब्दांची यादी. वारंवार येणारी, ‘निरर्थक’ मानलेली पदे गणनेतून वगळण्यासाठी ही यादी साधनाला पुरवतात. तिची कल्पना माहितीच्या शोधासाठी उपयुक्त आहे. वृत्तपत्रातील बातमी शोधताना ‘आणि’ व ‘आहे’ यांचा उपयोग नाही. पण साहित्याच्या अभ्यासाला ती जशीच्या तशी लावता येत नाही. या क्षेत्राच्या आरंभीचीच कथा याला साक्ष आहे. रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट अभ्यासकाने थॉमस अक्वायनसच्या लेखनातील ‘सान्निध्य’ या संकल्पनेवर प्रबंध लिहिताना असे पाहिले की, विचाराचा खरा आधार सान्निध्यवाचक नामात नसून ‘आत’ या अर्थाच्या ‘इन्’ या लॅटिन अव्ययात आहे. त्याने हाताने सुमारे दहा हजार पत्रे लिहून त्या अव्ययाचे प्रयोग गोळा केले आणि १९४९ साली यंत्राच्या मदतीसाठी आयबीएमचे दार ठोठावले. आजची कोणतीही तयार यादी पहिल्या फटक्यात हेच अव्यय वगळील.

संतवाङ्मयाच्या अभ्यासकाने हे मनावर घ्यावयास हवे. ‘मी’ आणि ‘तू’ ही सर्वनामे यादीत जातात. भक्तिकाव्यात तर सारा व्यवहारच त्या दोहोंमधला. ‘म्हणे’ हे क्रियापद सामान्य म्हणून वगळले की तुकारामांची नाममुद्रा अर्धी पुसली गेली. ‘ठायी’ वगळले तर बुसाने जे शोधले तेच मराठीतून हद्दपार झाले. आणि ‘नाही’? दलित कवितेवरील प्रबंधात तो शब्द निरर्थक ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे?

शब्द मोजून साहित्य कळत नाही, हा आक्षेप येथे घेतला जाईल. तो बहुतांशी खराही आहे. पण मोजणी होणारच असेल, आणि तिच्या आधारे शैलीविषयी व कर्तृत्वाविषयी निष्कर्ष काढले जाणारच असतील, तर ती कशाची झाली हे वाचकाला कळले पाहिजे. मराठीत पाठचिकित्सेची परंपरा लहान नाही. तुकारामांची गाथा १८६९ ते १८७३ या काळात विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी संपादिली, राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली, कोलत्यांनी १९७८ साली लीळाचरित्र. या संपादकांच्या निवडींवर वाद घालता आले, याचे कारण कोणती पोथी प्रमाण मानली याचा शोध वाचकाला घेता येत होता. शब्दसंख्येचा तक्ता मात्र आज बिनप्रस्तावनेचा छापता येतो, आणि मार्गदर्शकही आकड्यांपुढे मान तुकवतो.

म्हणून अशा प्रबंधाला एक परिशिष्ट सक्तीचे असावे. मजकूर कोणत्या आवृत्तीचा, टंकन कोणाचे व ते कितपत तपासले, साधनाची कोणती आवृत्ती वापरली, संकेतक्रम व अनुस्वार कसे एकसारखे केले, रूपे एकत्र केली असल्यास कोणत्या नियमाने, आणि वर्ज्य शब्दांची यादी, तीही संपूर्ण. मौखिक परीक्षेत परीक्षकाने पहिला प्रश्न या परिशिष्टावर विचारावा. उत्तर ‘ते प्रयोगशाळेतून करून घेतले’ असे आले, तर पुढचे तक्ते उलटण्याचे कारण उरत नाही.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला याचा सराव एका सत्रात देता येईल. गाथेतील शंभर अभंग घ्यावेत, वर्गाचे दोन गट करावेत, प्रत्येकाने आपली वर्ज्य यादी स्वतंत्रपणे करावी आणि दोन्ही तक्ते फळ्यावर शेजारी शेजारी मांडावेत. ‘म्हणे’ एका यादीत असेल, दुसरीत नसेल. त्या तासाला संगणक बंद ठेवला तरी चालेल.