सुगी कोणाच्या नावावर मांडावी?

निवडणूक जवळ आली की सभेसभेतून एक हिशेब ऐकावयास मिळतो. अमक्या मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीत राज्याचे उत्पन्न इतके वाढले, तमक्याच्या कारकिर्दीत इतके घटले. आमचे शेतकरी बंधू टाळ्या पिटतात व घरी येऊन तीच रिकामी कणगी पाहतात. हा हिशेब मांडतात कसा, हे एकदा पाहू या.

कापसाचेच घ्या. १८६२ साली रिचर्ड टेंपल साहेब नागपुरास चीफ कमिशनर झाले. त्या दिवसांत हिंगणघाट-वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला की कुणब्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्या, अशा गोष्टी सांगतात. हा काय साहेबाचा पायगुण? अमेरिकेत उत्तर व दक्षिण यांचे युद्ध जुंपले होते. तिकडचा कापूस मँचेस्टरला पोहोचेना, म्हणून इकडचा महाग झाला. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळला. अधिकार मात्र साहेबाकडेच होता.

तेच २०१०-११ साली घडले. हमीभाव क्विंटलला ३००० रुपये, आणि बाजारात कापूस सात हजारांच्या घरात गेला. त्याच हंगामात, नोव्हेंबर २०१० मध्ये, अशोक चव्हाण जाऊन पृथ्वीराज चव्हाण आले होते. भाव वाढला तो पाकिस्तानातील पुराने व चीनच्या मागणीने, आणि पुढे उतरला तोही तिकडच्याच कारणांनी. दोन्ही चव्हाणांचा त्यात हात नव्हता.

मग मुख्यमंत्र्यांस जाब विचारूच नये काय? जरूर विचारावा. पाऊस व परदेशचा बाजार वजा करून जे उरते, ते त्यांच्या खात्यावर मांडावे. १९७२ चा दुष्काळ वसंतराव नाईकांनी आणला नव्हता. त्या साली उत्पन्न घटले म्हणून त्यांस नापास करणे हा अन्याय होय. परंतु त्याच दुष्काळात लाखो हातांस सरकारी कामावर घेतले गेले. खडी फोडून का होईना, चुली पेटल्या. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला व २००५ साली सबंध देशाने तशी हमी स्वीकारली. हे जमेस धरावे.

आता नावेची बाजू. नाईक पुसदचे, बंजारा समाजातले. त्यांच्या आधीचे मारोतराव कन्नमवार चंद्रपूरकडचे, गरीब घरातले. १९६२ ते १९७५ अशी बारा वर्षे खुर्ची विदर्भाकडे, तीही बहुजनांतल्या माणसांकडे. आम्हांस याचा अभिमान वाटला, आजही वाटतो. परंतु १९८४ साली दांडेकर समितीने अनुशेष मोजला, तेव्हा राज्याच्या ३१८६ कोटींपैकी १२४६ कोटी एकट्या विदर्भाचा निघाला. आपला माणूस गादीवर बसला की आपल्या शेतात पाणी येते, ही आमची समजूत होती.

कोष्टी बांधवांचा अनुभव निराळा नाही. १८७७ साली सुरू झालेली एम्प्रेस मिल १९८६ साली सरकारने घेतली, २००२ साली ती बंद झाली. मधल्या काळात किती मुख्यमंत्री आले नि गेले! प्रत्येकाच्या भाषणात राज्य पुढेच जात होते.

आणि गोसीखुर्द. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज होता ३७२ कोटींचा. तो पुढे अठरा हजार कोटींवर गेला. शंकरराव चव्हाणांपासून सर्व पक्षांचे मुख्यमंत्री या धरणाने पाहिले. खुद्द नागपूरचे देवेंद्र फडणवीस २०१४ पासून पाच वर्षे होते, २०२४ साली पुन्हा आले. धरणात पाणी साठले, पण कालव्याचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत नेण्याचे काम दरवेळी पुढच्याच्या गळ्यात पडले. आकड्यांत मात्र ओतलेले सिमेंटही उत्पन्न म्हणूनच धरले जाते!

तेव्हा पवनी-भंडाऱ्याकडच्या बंधूंनी, सभेत कोणी टक्केवारी वाचू लागला की, उभे राहून एवढेच विचारावे: आमच्या गावच्या चारीला पाणी कोणत्या साली सुटले, आणि तेव्हा खुर्चीवर कोण होते?