सूचना मागवता, मग उत्तरही द्या

विज्ञान-तंत्रज्ञानाची धोरणं आखणाऱ्या मान्यवरांस,


आपल्या एका मसुद्यावर सूचना पाठवायच्या म्हणून आमच्या शाळेत मुलं, पालक आणि आशा कार्यकर्त्या एकत्र बसल्या होत्या. मसुदा इंग्रजीत होता. मी वाचून मराठीत समजावत होतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, मुलांच्या दातांवर त्याचे डाग आहेत. आमचं मागणं साधं होतं: पाणी तपासायची साधनं शाळांना द्या आणि शुद्धीकरण यंत्रं बसवताना दुरुस्तीचा खर्चही धरा.

सूचना मिळाल्याची पोच आली. त्यापुढे एक ओळ नाही. मुलं विचारायची, "सर, दिल्लीहून काही आलं का?" मग ती विचारेनाशी झाली. मला लागलं ते हे.

आमचं म्हणणं मान्य व्हायलाच हवं होतं, असा हट्ट नाही. 'हे काम राज्याचं आहे' किंवा 'इतका निधी नाही' एवढं कळवलं असतं, तरी कुणीतरी वाचलं, हे मुलांना समजलं असतं.

कारणांसह उत्तर देणं याच देशात घडलेलं आहे. 2010 मध्ये जनुकीय बदल केलेल्या बीटी वांग्याबाबत तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यात आमचं नागपूरही होतं. शेतकरी आणि शास्त्रज्ञ मंत्र्यांसमोर बोलले, खडाजंगी झाली. 9 फेब्रुवारीला रमेश यांनी या वांग्याला स्थगिती जाहीर केली आणि त्यामागची कारणं लेखी मांडली. ज्यांना निर्णय पटला नाही, त्यांनाही वाद नेमका कशाशी घालायचा ते ठाऊक होतं.

उलट 2020 मध्ये प्रकल्पांच्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या नियमांच्या मसुद्याचे भारतीय भाषांत अनुवाद व्हावेत, यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. ज्यांच्या शिवाराला खाण भिडणार, त्यांना मसुदा वाचता यावा, हे कोर्टाने सांगायची वेळ का यावी?

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे राज्यघटनेच्या कलम 51क नुसार नागरिकाचं कर्तव्य आहे. वर्गात मी सांगतो, कुठलाही निष्कर्ष कारणासह मांडा. आपल्याकडूनही तेवढंच हवं: मसुदा पहिल्याच दिवशी मराठीत द्या, वाचायला पुरेसा वेळ द्या आणि शेवटी कोणत्या सूचना घेतल्या, कोणत्या नाकारल्या व का, ते सर्वांसमोर ठेवा.

तोवर 'सरकारने तुमचं मत मागवलंय' असं मुलांना पुन्हा सांगायला माझी जीभ रेटत नाही.

आपला,
एक विज्ञान शिक्षक