जन्माची नोंद कोणाच्या दप्तरी?

डिसेंबर 2025 मध्ये युरोपातील 14 सार्वजनिक प्रसारणसंस्थांनी एकत्रित शोध घेऊन जी हकीकत उजेडात आणली, ती वाचून मन विषण्ण झाले. डेन्मार्कमधील एका वीर्यपेढीत 2005 साली, विद्यार्थिदशेत, वीर्यदान करू लागलेल्या एका निरोगी तरुणाच्या बीजापासून 14 देशांत किमान 197 मुले जन्मास आली. आणि पेशींच्या स्वैर वाढीस लगाम घालणे हे ज्याचे कार्य, त्या टीपी-53 या जनुकातील दोष त्यांपैकी काहींच्या वाट्याला येऊन, कित्येकांना कोवळ्या वयात कर्करोगाने गाठले व काही दगावलीही.

दात्याला मी दोष देणार नाही. त्याच्या देहातील बहुसंख्य पेशी निर्दोष होत्या. दोष होता तो फार तर 20 टक्के शुक्रपेशींत, आणि दात्यांच्या नित्याच्या तपासणीत तो हाती लागण्याजोगा नव्हता. परंतु जे निसर्गाच्या अधीन होते ते सोडून दिले, तरी एकाच पुरुषाचे बीज इतके दूरवर पसरू देणे हा माणसांनीच केलेला व्यवहार होता, हे विसरता येत नाही. बेल्जियममध्ये एका दात्याचे बीज सहापेक्षा अधिक स्त्रियांना देऊ नये असा निर्बंध असताना, तेथे 38 स्त्रियांना याच दात्यापासून 53 मुले झाली. प्रत्येक देश आपापल्या सरहद्दीच्या आतले मोजतो. एकूण मोजदाद ठेवण्याची जबाबदारी कोणावरच नाही!

आपल्याकडील साहाय्यक प्रजननविषयक 2021 चा कायदा या बाबतीत कितीतरी अधिक कडक आहे. एका दात्याचे बीज एकाहून अधिक दांपत्यांस देऊ नये, अशी त्यात तरतूद आहे; डॉक्टरमंडळी दात्यांच्या टंचाईची तक्रार करतात, आणि ती खोटी नाही; तथापि डेन्मार्कची ही हकीकत वाचल्यावर ही तरतूद सैल करावी असे कोणी सुचविल्यास मी त्यास विरोध करीन. दात्याचा अपत्यावर कोणताही हक्क पोचत नाही, हेही कायद्यात स्पष्ट आहे, आणि 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाने बीजांडदान करणाऱ्या एका स्त्रीच्या बाबतीत तोच निर्वाळा दिला. ते योग्यच झाले.

माझे दुखणे वेगळे आहे. दात्याचा हक्क संपला, दांपत्याचा हक्क सिद्ध झाला. पण ज्याच्या देहात ते बीज आजन्म नांदावयाचे, त्या अपत्याने वयात आल्यावर आपल्या उत्पत्तीविषयी कोणाकडे विचारणा करावी? स्वीडनने 1985 साली हा हक्क कायद्याने मान्य केला. ब्रिटनमध्ये 1 एप्रिल 2005 नंतरच्या दात्यांची ओळख अपत्याला अठराव्या वर्षी मागता येते. आपण मात्र गुप्ततेलाच कुलीनतेचे लक्षण मानून बसलो आहो, आणि त्यासाठी परंपरेचा हवाला देतो. परंपरा तर याच्या उलट साक्ष देते. विचित्रवीर्याच्या निधनानंतर सत्यवतीने कुरुवंश राखण्यासाठी व्यासांना पाचारण केले. धृतराष्ट्र व पंडू विचित्रवीर्याचेच पुत्र म्हणून गणले गेले, आणि तरीही व्यासांचे जनकत्व कोणापासून लपविले गेले नाही. पितृत्वाची प्रतिष्ठा अबाधित ठेवूनही सत्य सांगता येते, हे महाभारतकारांना उमगले होते. ते आपल्या कायद्याला का उमगू नये?

दात्याचे नाव जगजाहीर करावे, असे माझे म्हणणे नाही. अपत्याला निदान दात्याच्या आरोग्याचा इतिहास मागण्याचा हक्क असावा, आणि पुढे एखादा आनुवंशिक दोष उघडकीस आल्यास त्या कुटुंबाला विनाविलंब कळविण्याचे बंधन पेढीवर असावे, एवढेच मी मागतो. आज पेढ्यांनी व केंद्रांनी दप्तर दहा वर्षे सांभाळावे आणि मुदत संपल्यावर ते राष्ट्रीय नोंदणीकडे सुपूर्द करावे, असा नियम आहे. या दहा वर्षांत एखादी पेढी बंद पडली, तिचा मालक बदलला, किंवा दप्तर आगीत वा पुरात नष्ट झाले, तर त्या अपत्याच्या उत्पत्तीचा लेखी दाखला कायमचा नाहीसा होऊ शकतो. म्हणून ही मुदत रद्द करून, अपत्याचा जन्म होताच त्या नोंदीची एक प्रत राष्ट्रीय दप्तरात दाखल करण्याची दुरुस्ती सरकारने संसदेच्या येत्या अधिवेशनात मांडावी.