मामा, शब्दाचा हिशेब दरवर्षी द्या

मा. दत्तात्रय भरणे,
आमदार, इंदापूर विधानसभा मतदारसंघ, तथा कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य



मामा, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा सलग तीन वेळा इंदापूर तालुक्याने तुम्हाला विधानसभेत पाठवलं. त्या हक्काने शेळगावचा एक मतदार म्हणून हे जाहीर पत्र लिहितो आहे. मागणी एकच आहे. प्रचारात दिलेल्या शब्दाचा हिशेब पुढच्या प्रचारापर्यंत लांबवू नका. तो दरवर्षी गावात येऊन द्या.

कर्जमाफीचंच घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये महायुतीने कोल्हापुरात दहा वचनं जाहीर केली, त्यांत कर्जमाफी होती. २८ मार्च २०२५ रोजी तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी बारामतीत सांगितलं, की ३१ मार्चपर्यंत पैसे भरा, आज राज्याची परिस्थिती तशी नाही. वचनावर विसंबून सोसायटीचा हप्ता थांबवलेल्याच्या हाती उरले तीन दिवस. थकबाकी पडली की नवं पीककर्ज अडतं, व्याजाची सवलत जाते. तिजोरीची अडचण खरी असेल, पण ती मतं मागतानाच सांगायला हवी होती. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चू कडूंसोबत शेतकऱ्यांनी नागपुरात महामार्ग अडवला, तेव्हा कुठे सरकारने निर्णयासाठी ३० जून २०२६ ही मुदत दिली. वचन सभेत मिळतं आणि तारखेसाठी रस्त्यावर बसावं लागतं, हे बदललं पाहिजे.

मंत्र्याने सभागृहात दिलेल्या आश्वासनाच्या पाठपुराव्याला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. प्रचारसभेतल्या शब्दाला असा कोणीच वाली नाही. जाहीरनाम्यातली आश्वासनं भ्रष्ट आचारात मोडत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ठरवलं. त्यानंतर पैसा कुठून आणणार हे पक्षांनी ढोबळमानाने सांगावं, अशी अपेक्षा आचारसंहितेत आली. पण वचन मोडलं तर काय, याचं उत्तर तिथेही नाही. थेट निवडलेल्या सरपंचावरचा अविश्वास ग्रामसभेपुढे जातो. आमदाराला मुदतीआधी जाब विचारायची सोय मतदाराला कुठेच नाही.

कायद्यात नाही म्हणून करता येत नाही, असं थोडंच आहे? दरवर्षी प्रत्येक ग्रामपंचायतीत एक कागद लावा. दिलेला शब्द, मंजूर रक्कम, प्रत्यक्ष आलेला पैसा, झालेलं काम आणि रखडल्याचं कारण एवढंच त्यात हवं. लाकडी-निंबोडी उपसा सिंचन योजनेला २०२२ मध्ये सुमारे ३४८ कोटींची मान्यता मिळाली; काम कुठवर आलं आणि शिवारात पाणी कोणत्या वर्षी येणार, हे लिहा. नीरा डाव्या कालव्याच्या टेलला उन्हाळी आवर्तन किती दिवस मिळालं, तेही लिहा. वर्षाच्या पाच कोटींच्या आमदार निधीतली कामं गावनिहाय मांडा. एखादं काम होणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. पाण्याचा भरवसा नसेल तर शेतकरी ऊस लावायचा की नाही ते वेळेत ठरवील. खोट्या आशेवर लावलेलं पीक मात्र त्याला बुडवतं.

गावकऱ्यांनाही माझं सांगणं आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत या वार्षिक हिशेबाच्या मागणीचा ठराव मांडा, बहुमताने मंजूर करा आणि आमदारांना पाठवा. आणि मामा, तो ठराव हाती पडला की कागद घेऊन तुम्ही स्वतः या. प्रश्न आम्ही विचारू, उत्तरं तुम्ही द्या.

आपला,
शेळगावचा एक मतदार